१८ जून : ऊन, चिखल आणि मृगाचा पाऊस

दिनविशेषांच्या याद्यांत १८ जूनसमोर लढाया, भाषणे आणि जन्म यांची दाटी असते. त्या दिवशी आभाळ कसे होते, हे मात्र कोणी नोंदवत नाही. वास्तविक या तारखेच्या काही घटना ऊन-पाऊस वगळला तर अर्ध्याच समजतात.

पहिली हळदीघाटची, १५७६ सालची. अकबराच्या बाजूने मानसिंह, समोर महाराणा प्रताप. इतिहासकार बदायुनी त्या दिवशी मुघल फौजेत स्वतः हजर होता. कवटीतला मेंदू उकळावा असा उकाडा असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. प्रताप रणातून निसटले, तेव्हा उन्हाने गळालेल्या फौजेने त्यांचा पाठलाग केला नाही. राणा डोंगराआड दबा धरून बसला असेल ही धास्तीही होतीच. मेवाडचा झगडा त्यानंतरही अनेक वर्षे चालला. (ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेची. आजच्या पद्धतीने ती २८ जून होते. काही अभ्यासक मुळात २१ जून धरतात.)

१८१५ साली वॉटर्लूला उलट प्रकार घडला. आदल्या दिवशी दुपारपासून रात्रभर मुसळधार पाऊस कोसळला आणि शेतांचा चिखल झाला. ओल्या जमिनीत तोफा हलेनात. गोळे उसळून पुढे जाण्याऐवजी रुतून बसण्याची भीती. नेपोलियनने हल्ला जवळजवळ दुपारपर्यंत लांबवला. त्याचे सैन्य तरी सकाळी पुरते गोळा झाले होते का, हाही प्रश्न आहेच. सगळे खापर पावसावर फोडणे सोयीचे, पण पुरेसे नाही. तरीही त्या काही तासांत ब्ल्यूखरचे प्रशियन सैन्य वेलिंग्टनच्या मदतीला पोहोचले आणि निकाल ठरला.

हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ साली आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली. त्याच शिंद्यांच्या ग्वाल्हेरीत, वॉटर्लूनंतर त्रेचाळीस वर्षांनी, जूनच्या उन्हात आणखी एक लढाई झाली.

१८५८ चा तो उन्हाळा झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंनी घोड्यावरच काढला. झाशी पडली, कोंचला हार झाली. कोंचच्या रणात खुद्द सर ह्यू रोझला उन्हामुळे वारंवार घोड्यावरून उतरावे लागले होते. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या धामधुमीत उत्तरेतच अडकले होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये काल्पीच्या वाटेवरच्या विहिरीचा प्रसंग आहे. धुळीने माखलेल्या, तहानलेल्या राणी तेथे येतात. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून स्वतःच पोहरा ओढतात आणि ओंजळीने पाणी पितात. राणींवर पुढे पोवाडे, चित्रे, पुतळे पुष्कळ झाले. त्या सगळ्यांपेक्षा ही ओंजळ त्यांना आपल्या अधिक जवळ आणते.

जूनच्या आरंभी तात्या टोपे, रावसाहेब आणि राणी यांनी ग्वाल्हेर घेतले. जयाजीराव शिंदे आग्र्याला पळाले. पंधरवडाभरातच कोटा-की-सरायजवळ आठव्या हुसार पलटणीच्या घोडदळाशी झालेल्या चकमकीत राणी पडल्या. ब्रिटिश कागदपत्रांत ही चकमक १७ जूनची आहे. आपल्याकडे स्मरण होते ते १८ जूनला, तिथीने ज्येष्ठ शुद्ध सप्तमीला. एका दिवसाचा हा फरक अजून मिटलेला नाही, आणि दिनविशेषाच्या एका ओळीत तो दिसतही नाही.

विसावे शतक थोडक्यात. १९४० साली याच दिवशी द गॉल यांनी लंडनहून फ्रेंचांना लढत राहण्याचे आवाहन केले. त्या भाषणाचे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. १९४२ साली एकाच दिवशी लिव्हरपूलमध्ये पॉल मॅकार्टनी आणि दक्षिण आफ्रिकेत थाबो म्बेकी जन्मले.

गोव्यात मात्र या तारखेला मृगाचा पाऊस असतो. १९४६ साली तुरुंगातून नुकतेच सुटलेले डॉ. राममनोहर लोहिया विश्रांतीसाठी असोळणे गावी आले होते, बर्लिनच्या शिक्षणकाळातील मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी. विश्रांती राहिली बाजूला. सालाझारच्या राजवटीत परवानगीवाचून सभा घेणे हाच गुन्हा होता, आणि लोहियांनी नेमकी तीच मडगावात जाहीर केली. पाऊस झोडपत होता. एरवी अशा दिवशी कोण घराबाहेर पडेल? पण लोक भिजत आले, मैदानात उभे राहिले. पोर्तुगीज अधिकारी मिरांडा याने पिस्तूल काढले. लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला. दोघाही डॉक्टरांना अटक झाली, तरी लोक पांगले नाहीत.

गोवा मुक्त व्हायला १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. १८ जून तेथे ‘क्रांतिदिन’ म्हणून पाळला जातो. पणजीत खरेदीसाठी गजबजलेल्या एका रस्त्याचे नावही ‘१८ जून मार्ग’ असे आहे, आणि त्या तारखेला तो बहुधा ओलाच असतो.