पेशी वाढवणाऱ्या हातांना पीएच.डी. कशासाठी?

जिवंत पेशी वाढवून औषध किंवा ऊती घडवणं म्हणजे जैवनिर्मिती. 'हे शास्त्रज्ञांचं काम. तिथे जायचं तर एम.एस्सी., नेट, पीएच.डी. एवढाच रस्ता', असं प्राध्यापक सांगतात आणि पालक मानतात. या मतामागचा युक्तिवाद हलका नाही. पेशी म्हणजे स्क्रू नव्हे. त्या बिघडल्या तर रुग्णाच्या जिवावर बेततं, म्हणून त्या सर्वांत जास्त शिकलेल्याच्याच हाती द्याव्यात, असं त्यांचं म्हणणं. भीती खरी आहे, निष्कर्ष चुकीचा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेली 'नेक्सकार१९' ही कर्करोगावरची उपचारपद्धती घ्या. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून ती उभी राहिली. रुग्णाच्या टी-पेशी काढायच्या, विषाणूच्या वाहनातून त्यांत जनुक घालायचं, त्या वाढवायच्या आणि त्याच रुग्णाला परत द्यायच्या. हे शोधून सिद्ध करायला पीएच.डी. लागते, यात वाद नाही. पण पुढे प्रत्येक रुग्णासाठी तीच कृती पहिल्यापासून करावी लागते. हातमोज्यांवर ७० टक्के अल्कोहोल फवारायचं, उघड्या बाटलीवरून हात न्यायचा नाही, पिपेटचं टोक कुठे लागलं की ते फेकून द्यायचं, वेळ आणि लॉट नंबर त्याच क्षणी नोंदवायचा. मायकोप्लाझ्मा हा जिवाणू शिरला तर द्रव गढूळसुद्धा होत नाही. चाचणीत कळेपर्यंत बॅच हातची गेलेली असते. सारी भिस्त हाताच्या सवयीवर.

संशोधकाला शिकवलेलं असतं, 'एक गोष्ट बदलून पाहू.' निर्मितीत काहीच बदलायचं नसतं, आणि बदललंच तर लिहून ठेवायचं असतं. ही दोन निराळी शिक्षणं आहेत. एक दुसऱ्याची वरची पायरी नव्हे.

हा भेद आपण इतरत्र केव्हाच मान्य केला आहे. तालुक्याच्या गावी रक्ताचा नमुना तपासतो तो डीएमएलटी झालेला तंत्रज्ञ, सही पॅथॉलॉजिस्टची. ब्रिटनमध्ये २०१८ पासून पेशी व जनुक उपचारांसाठी खास शिकाऊ उमेदवारी आहे. मुलं पगार घेत कामावरच शिकतात. आपला शिकाऊ उमेदवार कायदा तर १९६१पासूनच आहे!

'उद्या सगळं बंद बायोरिॲक्टरमध्ये, म्हणजे पेशी वाढवणाऱ्या यंत्रातच होईल', असंही ऐकू येतं. होऊ दे. त्याचे सेन्सर जुळवायलाही तंत्रज्ञच लागेल.

अशा तंत्रज्ञांसाठी जैवनिर्मितीची पदविका काढली, तर पदविकेवाला जन्मभर पदविकेवालाच राहील, हा आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. उत्तर अभियांत्रिकीत आहे: तिथे पदविकाधारकाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तेच दार जैवतंत्रज्ञानाच्या पदवीला हवं.

तंत्रशिक्षण संचालनालयाने पुणे आणि मुंबई परिसरातल्या तंत्रनिकेतनांत ही पदविका सुरू करावी, तिचं शेवटचं वर्ष क्लीनरूममध्ये काढायला लावावं. आणि कंपन्यांनी या कामापुरती एम.एस्सी.ची अट जाहिरातीतून काढून टाकावी.