धर्माचा रकाना
जनगणनेच्या कामाशी माझा संबंध आला तेव्हा धर्माचा रकाना मला इतर रकान्यांसारखाच वाटे. लेबनॉनचा इतिहास वाचला आणि तो भ्रम गेला.

तेथे १९३२ साली, फ्रेंच अमलाखाली, शिरगणती झाली. ख्रिस्ती निम्म्याहून किंचित अधिक भरले. त्या आधारे १९४३ च्या अलिखित राष्ट्रीय करारात राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी आणि संसदेत ६ ख्रिस्ती सदस्यांमागे ५ मुसलमान असे ठरले. परस्परांविषयी साशंक असलेल्या समाजांनी एकत्र नांदण्यासाठी काढलेली ती वाट होती. मी तिला सरसकट दोष देणार नाही. परंतु लोकसंख्या करार पाळत नाही. पुन्हा मोजले तर वाटे बदलतील, या धास्तीने अधिकृत जनगणना नंतर झालीच नाही. (अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला आकड्यांचा अभाव खुपतो, येथे तोच राज्यकारभाराचा पाया होता!)

१९७५ मध्ये यादवी पेटली. ओळखपत्रावर धर्म नोंदलेला असे. ६ डिसेंबर १९७५ रोजी बैरुतच्या नाक्यांवर ख्रिस्ती सशस्त्र टोळ्यांनी ती पत्रे पाहून मुसलमानांना वेचून ठार केले. मुसलमान टोळ्यांनीही तेच केले. कुणा कारकुनाने निमूटपणे लिहिलेल्या एका शब्दावर माणसाचे जगणे-मरणे ठरले.

१९८९ च्या ताइफ करारात जागा समसमान झाल्या. मोजणी तेव्हाही टळली. नोंदवहीतील धर्माचा उल्लेख काढून घेण्याची मुभा नागरिकांना मिळाली, ती २००९ साली.