मूळव्याध : कल्पना व उपचार यांचा इतिहास

गुदमार्गाच्या अस्तराखालील रक्तवाहिन्यायुक्त उशांसारखे भाग फुगून खाली सरकल्याने होणाऱ्या विकारास मूळव्याध म्हणतात. आयुर्वेदात त्यास ‘अर्श’ अशी संज्ञा असून बाहेर येणाऱ्या गाठींना व्यवहारात ‘मोड’ म्हणतात. हे मोड शरीराला परके की शरीराचेच, या प्रश्नाचे उत्तर जसजसे बदलले तसतसे उपचारही बदलले.

सुश्रुतसंहितेत अर्शाचे सहा प्रकार व औषध, क्षार, अग्निकर्म आणि शस्त्रकर्म असे चार उपाय सांगितले आहेत. नवा व सौम्य विकार औषधाने, मृदू व पसरट मोड क्षाराने, कठीण व जाड मोड डागून, तर बारीक देठाचे मोड शस्त्राने काढावेत, असा त्यातील विवेक आहे. चरकसंहितेने मात्र शेवटच्या तीन उपायांतील उपद्रव, प्रसंगी मृत्यूही, नोंदवून औषध व पथ्य यांस कौल दिला. तेथील ताकाचा गौरव आजही घरोघरी ऐकू येतो.

ग्रीक वैद्यकात तापलेल्या लोखंडाने मोड डागीत. तथापि हिपॉक्राटीझच्या नावावरील ग्रंथसंग्रहातच जुनाट मोड काढताना एक राखून ठेवावा, अन्यथा जलोदर वा क्षय होण्याचे भय असते, असेही सांगितले आहे. हा रक्तस्राव म्हणजे दूषित द्रव्य बाहेर पडण्याची वाट होय, ही समजूत यूरोपात शतकानुशतके टिकली.

फ्रेडरिक सॅमन यांनी १८३५ मध्ये लंडनला गुदविकारांसाठी स्थापिलेले रुग्णालय पुढे सेंट मार्क्स या नावाने प्रसिद्धीस आले. १८८२ मध्ये वॉल्टर व्हाइटहेड यांनी मोडांचे सबंध कडेच कापून काढण्याची पद्धत मांडली. पण तीमुळे काहींचा गुदमार्ग अरुंद झाला. १९३७ मधील मिलिगन-मॉर्गन पद्धतीत जखमांच्या दरम्यान त्वचेचे पट्टे मुद्दाम राखले जातात. काहीतरी राखण्याचा जुना सल्ला असा निराळ्याच कारणाने खरा ठरला.

१९७५ मध्ये डब्ल्यू. एच. एफ. टॉमसन यांनी दाखविले की, या उशा सर्वांनाच असतात व गुदद्वार घट्ट मिटण्यास साहाय्य करतात. त्यांचे खाली सरकणे हाच विकार होय. त्यामुळे कुंथणे टाळणे व चोथायुक्त आहार यांना प्रथम स्थान मिळाले. बॅरन यांनी १९६३ मध्ये रूढ केलेली रबरी कडी बसविण्याची पद्धतही या कल्पनेशी जुळते. मोठ्या मोडांनाच शस्त्रक्रिया लागते.

गुदांत्राच्या कर्करोगातही प्रारंभी रक्तच दिसू शकते. संकोचामुळे तपासणी टाळून, मूळव्याधच आहे असे गृहीत धरून खात्रीच्या इलाजांच्या पाट्या लावणाऱ्यांकडे जाणाऱ्या रुग्णांत त्याचे निदान लांबते.