तान्ह्या बाळाचं पोट आणि आईचा वेळ



गेल्या महिन्यात गटाची बैठक चालू होती. हप्ते गोळा होत होते, आणि पाच आठवड्यांचं एक बाळ रडायला लागलं. मुठी वळलेल्या, पाय पोटाशी घेतलेले, तोंड लालबुंद. लगेच सल्ले सुरू झाले. एक आजी म्हणाल्या, "वायू धरलाय. मुरुडशेंगेचे दोन वेढे जास्त दे." एक काकू म्हणाल्या, "ग्राइप वॉटर पाज." तिसरी म्हणाली, "काल वांगं खाल्लंस ना, म्हणून." बाळाची आई गप्पच होती. तिचे डोळे भरून आले होते. दोन सल्ल्यांत बाळाला काहीतरी पाजायचं होतं, आणि तिसऱ्यात आईची चूक काढलेली होती.

बाळाच्या पोटातल्या वायूवर माणसांनी आजवर काय काय केलं, ते आज आपण बघू. या गोष्टीत आपल्या आज्या-पणज्या आहेत, गिरणीत राबणाऱ्या बायकाही आहेत.

सुरुवात फार जुन्या काळापासून करू. आयुर्वेदात बालरोगांवर काश्यपसंहिता नावाचा ग्रंथ आहे. त्याची जुनी पोथी नेपाळमध्ये सापडली. बोलता न येणाऱ्या बाळाचं दुखणं कसं ओळखायचं, यावर त्यात एक वेगळा अध्यायच आहे. पोटात कळ आली तर बाळ स्तन सोडून देतं, रडतं, त्याचं पोट ताठ होतं, तोंडाला घाम येतो, असं त्यात सांगितलं आहे. आपण आज जे बघतो, तेच त्या वैद्यांनी बघितलं होतं. म्हणजे ही तक्रार आजकालच्या सुनांच्या खाण्यापिण्यामुळे आलेली नाही.

आपल्या घरातली गुटीही जुनीच. सहाणेवर वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, सुंठ, हळकुंड, जायफळ यांचे वेढे उगाळायचे आणि चाटवायचे. मुरुडशेंग आतड्यासारखी पिळलेली असते, म्हणून ती पोटाच्या मुरड्यावर चालते असं लोक म्हणत. जायफळ कशाला? तर बाळाला झोप लागावी म्हणून. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या गोष्टीतही झोपच येणार आहे.

आता जरा दूर, इंग्लंडमध्ये जाऊ. तिथे 1800 नंतर कापडाचे आणि लेसचे कारखाने वाढले. बायका दिवसभर कामावर. तान्हं बाळ शेजारच्या म्हातारीकडे किंवा लहान बहिणीकडे. रडणाऱ्या बाळासाठी दुकानात 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचं गोड औषध स्वस्तात मिळायचं. त्यात काकवी होती आणि अफू होती. बाळ शांत व्हायचं, आणि भूक लागली तरी उठायचं नाही. कितीतरी बाळं अशीच सुकत गेली, काही झोपली ती उठलीच नाहीत. अमेरिकेत 1849 पासून 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' विकलं जायचं. त्यात अफूपासून काढलेलं मॉर्फिन होतं. बाटलीत काय आहे हे आईला कळतच नव्हतं. 1906 साली तिथे कायदा झाला आणि अफू, मॉर्फिन, दारू असेल तर बाटलीवर लिहिणं भाग पडलं.

लेसच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या नॉटिंगहॅम शहरात 1851 साली विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने ग्राइप वॉटर बनवलं. त्यात अफू नव्हती, ही मोठी गोष्ट. पण साखर होती, खायचा सोडा होता, शेपूचं तेल होतं आणि थोडी दारूही होती. शेपूचं बी म्हणजे आपल्या बाळंतिणीच्या बाळंतशोपा! इंग्लंडच्या बाटलीत आणि आपल्या डब्यात एकच झाड होतं. पुढे मद्रासच्या टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या कंपनीने ही बाटली आपल्या देशात घरोघर पोहोचवली. आजीने आईला दिलं, आईने लेकीला दिलं, अशी तिची जाहिरात तुम्हीही पाहिली असेल. ब्रिटनमध्ये ग्राइप वॉटरमधली दारू 1992 साली काढली गेली. म्हणजे जवळजवळ 140 वर्षं.

हे सगळं परदेशात झालं असं समजू नका. आपल्या मुंबईतही झालं. कोकणातून, घाटावरून गेलेल्या आपल्याच पणज्या गिरणीत दहा-अकरा तास उभ्या असायच्या. बाळ खोलीवर. त्याला 'बाळगोळी' दिली जायची, आणि त्या गोळीत अफू असायची. 1920 नंतरच्या काही वर्षांत सरकारने गिरणीतल्या बायकांची पाहणी एका डॉक्टरबाईंकडून करून घेतली. बहुतेक तान्ह्या बाळांना अफू दिली जाते, असं त्यांना आढळलं. त्या आया दुष्ट होत्या का? नाही. त्यांच्याकडे प्रेम होतं, पण वेळ नव्हता. आईला जो वेळ मिळत नव्हता, त्याच्या जागी गोळी आली होती. 1929 साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या लाभाचा कायदा झाला. 1948 च्या कारखाना कायद्याने जिथे जास्त बायका कामाला असतील तिथे पाळणाघर ठेवणं बंधनकारक केलं. बाळाच्या पोटाचं खरं औषध या कायद्यांतही होतं, असं मला वाटतं.

गावाकडचे काही उपाय तर फार क्रूर होते. पोट फुगलं की बिब्ब्याचे चटके द्यायचे. मेळघाटात तापवलेल्या विळ्याने पोटावर डाग द्यायचे, त्याला डंबा म्हणतात. अशी डागलेली बाळं आजही दवाखान्यात येतात. बाळ त्यानंतर गप्प होतं, पण ते बरं झालेलं नसतं, वेदनेने थकलेलं असतं.

मग रडणारं बाळ नेमकं असतं कसं, हे कोणी मोजलं का? मोजलं. 1954 साली मॉरिस वेसेल या अमेरिकन डॉक्टरांनी पोटशूळाची खूण सांगितली: दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त, आठवड्यात तीन दिवसांपेक्षा जास्त आणि तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ रडणं. 1962 साली ब्रेझल्टन या डॉक्टरांनी 80 बाळांच्या आयांना वहीत रडण्याची वेळ लिहायला सांगितली. आयांच्या वह्यांतून दिसलं की निरोगी बाळाचं रडणंही पहिल्या आठवड्यांत वाढत जातं, सहाव्या आठवड्याला सगळ्यात जास्त, म्हणजे दिवसाला पावणेतीन तासांच्या आसपास होतं, आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत आपोआप उतरतं. आपण बचतीची वही लिहितो, तशीच ही वही. डॉक्टरांनी आयांवर विश्वास ठेवला, म्हणून हे कळलं.

आता कळलं ना, सगळेच उपाय 'लागू पडले' असं का वाटतं? दोन महिन्यांच्या बाळाला काहीही द्या, महिनाभरात रडणं कमी होणारच. श्रेय मात्र बाटलीला आणि गुटीला मिळतं.

आणखी एक गोष्ट. बाळ रडताना हवा गिळतं. म्हणजे पुष्कळदा गॅसमुळे रडणं नसतं, रडण्यामुळे गॅस असतो. बाळाची आतडी कोवळी असतात. कुंथणं, पादणं, तोंड लाल करणं हे बहुतेक वेळा आजार नसतात.

म्हणून आज डॉक्टर सांगतात: पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. पाणी नाही, गुटी नाही, मध तर वर्षभर नाहीच. सहाणेवरून जंतू पोटात जातात, आणि वेढ्याचं माप कुणाचंच सारखं नसतं. आजीचा राग धरू नका. तिच्या काळात जे होतं ते तिने मायेने केलं. तिचे गरम हात मात्र आजही हवेत. पाजताना बाळाच्या तोंडात फक्त बोंडी नको, भोवतीचा काळा भागही जाऊ द्या, म्हणजे हवा कमी जाते. पाजल्यावर खांद्यावर उभं धरून पाठीवरून हात फिरवा, ढेकर येऊ द्या. तळहात ऊबदार करून बेंबीभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलकेच फिरवा. पाय सायकलसारखे हलवा. जवळ घेऊन फिरा. झोपवताना मात्र पाठीवरच. आईचं वांगं-डाळ उगीच बंद करू नका. तिला पोटभर जेवू द्या.

पण ताप असेल, उलटी हिरवी असेल, शौचात रक्त असेल, पोट फुगून कडक झालं असेल, बाळ दूध ओढत नसेल किंवा सुस्त पडलं असेल, तर घरी थांबू नका. आशाताईंना बोलवा, 108 ला फोन करा, दवाखाना गाठा.

त्या बैठकीत शेवटी काय झालं? एका मैत्रिणीने बाळ खांद्यावर घेतलं आणि अंगणात फेऱ्या मारल्या. दुसरीने आईला चहा दिला. पंधरा मिनिटांनी बाळाने ढेकर दिली आणि मान टाकली. कदाचित ते तसंही झोपलं असतं. पण त्या पंधरा मिनिटांत आईचा चेहरा बदलला.

नोकरदार बाईला आज 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. शेतमजुरीला, ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला ती कोण देणार? तिच्या बाळाच्या रडण्यावर आजही कोणीतरी बाटली पुढे करतं. मैत्रिणींनो, आपल्या गटाने एवढं तरी ठरवूया: गटात कुणी बाळंतीण असेल, तर तिला रोज संध्याकाळी एक तास आपण पाळीपाळीने द्यायचा. सल्ला द्यायचा नाही, बाळ घ्यायचं आणि तिला जरा पाठ टेकू द्यायची. सहाव्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत फार दिवस नसतात.

पुन्हा भेटू. बाळंतिणींना आणि त्यांच्या बाळांना माझा नमस्कार सांगा.