मेमरी कार्डाचे फॉरमॅटिंग

डिजिटल कॅमेऱ्यातील मेमरी कार्डावर छायाचित्रे आणि चित्रफिती साठवता याव्यात म्हणून त्यावरची फाइल-व्यवस्था नव्याने मांडण्याची क्रिया. छायाचित्रकारांच्या बोलण्यात ‘फॉरमॅट मारणे’. कॅमेऱ्याच्या मेनूतील हा आदेश पुरा व्हायला सहसा काही सेकंद पुरतात. त्यामुळे तो किरकोळ वाटतो आणि बहुतेक नुकसान त्याच समजातून होते.

नेहमीच्या, म्हणजे झटपट फॉरमॅटमध्ये छायाचित्रे पुसली जात नाहीत. कोणती फाइल कार्डाच्या कोणत्या भागात आहे हे सांगणारा तक्ता आणि मूळ फोल्डरची यादी तेवढी कोरी होते. तलाठ्याच्या दप्तरातली नोंद खोडली म्हणून शेत जागचे हलत नाही, तसाच हा प्रकार. कॅमेऱ्याला कार्ड रिकामे दिसते, पण जुन्या चित्रांवर नवे चित्रण होईपर्यंत फोटोरेकसारखी प्रणाली तक्त्याकडे न बघता थेट साठवणीतून जेपीईजी फाइलींच्या ओळखखुणा शोधते आणि चित्रे परत काढते. म्हणून चुकून फॉरमॅट झालेले कार्ड त्याच क्षणी कॅमेऱ्यातून काढून बाजूला ठेवावे, ‘बघू तरी चालते का’ म्हणून एकही फोटो घेऊ नये.

काही कॅमेऱ्यांत, विशेषतः कॅननच्या, ‘लो लेव्हल फॉरमॅट’ हा वेगळा पर्याय असतो. त्यात कार्डाचे साठवणीचे भागच मोकळे केले जातात आणि त्यानंतर सहसा काही हाती लागत नाही. या पर्यायाचा आणखी एक उपयोग फ्लॅश मेमरीच्या स्वभावातून येतो. लिहिलेल्या जागेवर तिला थेट पुन्हा लिहिता येत नाही; आधी पूर्ण ब्लॉक पुसावा लागतो. अनेक महिने वापरलेले कार्ड चित्रीकरणात अडखळू लागले तर या पर्यायाने त्याचा वेग बरेचदा सुधारतो. रोज तो वापरण्याची मात्र गरज नाही.

एसडी कार्डाचे तंत्र सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा या कंपन्यांनी १९९९ मध्ये जाहीर केले. पुढे क्षमतेप्रमाणे फाइल-व्यवस्था ठरत गेली: २ जीबीपर्यंत जुनी फॅट, त्यापुढे ३२ जीबीपर्यंत फॅट-३२ (२००६ ची एसडीएचसी कार्डे) आणि त्याहून मोठ्या कार्डांना एक्सफॅट (२००९ ची एसडीएक्ससी). फॅट-३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, त्यामुळे अशा कार्डावर लांब चित्रीकरण तुकड्यांत साठते. एडिटिंगला बसल्यावर हे तुकडे पाहून कार्ड बिघडले असे समजणारे पुष्कळ भेटतात.

फॉरमॅट संगणकावर न करता ज्या कॅमेऱ्यात कार्ड वापरायचे त्याच कॅमेऱ्यात करावे. संगणकावर एनटीएफएस निवडले गेले तर कॅमेरा सहसा ते कार्ड ओळखतच नाही. मॅकवर चित्रे ‘डिलीट’ केली तर ती कार्डावरच्याच लपलेल्या कचरापेटीत जातात आणि जागा भरलेलीच राहते. मोबाइलमध्ये अंतर्गत साठवण म्हणून जोडलेले कार्ड (अँड्रॉइड ६ पासून ही सोय आहे) कूटबद्ध होते. कॅमेऱ्यात घालण्याआधी ते पुन्हा फॉरमॅट करावेच लागते. संगणकाला पर्यायच नसेल तर एसडी असोसिएशनचा मोफत फॉरमॅटर विंडोजच्या साधनापेक्षा बरा, कारण तो कार्डाच्या प्रमाणानुसार मांडणी करतो. कार्डाच्या कडेची लॉकची पट्टी खाली सरकलेली असेल तर सहसा फॉरमॅट होत नाही. ती यांत्रिक खूण आहे. तिचा मान राखणे कॅमेऱ्यावर वा कार्ड रीडरवर अवलंबून असते.

फॉरमॅट झाल्यावर कार्डावर ‘डीसीआयएम’ हे फोल्डर दिसते. १९९८ च्या जपानी मानकाने ते ठरवले. आतले फोल्डर १०० ते ९९९ क्रमांकांचे, चित्रांचे क्रमांक ०००१ ते ९९९९. इथे एक सेटिंग महत्त्वाचे आहे: फॉरमॅटनंतर क्रमांक पुढे चालू ठेवायचा की पुन्हा एकपासून सुरू करायचा. बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडची मशीद घ्या. खुदावंदखान महदवीने १५८२ मध्ये बांधलेल्या या वास्तूचे दस्तऐवजीकरण करताना प्रत्येक चित्राचा क्रमांक वहीतल्या नोंदीशी जोडलेला असतो: कोणती कमान, कोणते कोरीवकाम, कोणत्या दिशेने. दुपारी कार्ड फॉरमॅट केले आणि क्रमांक पुन्हा ०००१ झाला, तर सकाळची आणि संध्याकाळची चित्रे एका फोल्डरमध्ये घालताना एकाच नावाच्या दोन फाइली होतात आणि घाईत एक दुसरीवर बसते. क्रमांक सलग ठेवणे हेच अशा कामाला योग्य.

लग्नसराईत प्रश्न वेगळा असतो. रोहिणखेडच्या मोताळा तालुक्यातल्या घाटाखालच्या गावांत आज एक ऑर्डर, उद्या दुसरी, आणि कार्डे तीच. डाटा उतरवून लगेच फॉरमॅट मारायचा मोह तिथे खरा. पण डाटा उतरला म्हणजे तो वाचता येतो असे नाही. काही फाइली उघडून पाहाव्यात, दुसऱ्या डिस्कवर प्रत करावी आणि मगच कार्ड मोकळे करावे. एक जादा कार्ड घेण्याचा खर्च अल्बमच्या एका पानाइतकाही जड नाही, हे या नोंदकाराचे मत. ते कार्ड खात्रीच्या दुकानातूनच घ्यावे. बनावट कार्ड फॉरमॅट केल्यावरही लेबलावरची क्षमता दाखवते, प्रत्यक्षात जागा थोडीच असते आणि पुढची चित्रे हरवतात. एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफथ्री या प्रणालींनी पूर्ण कार्ड भरून तपासले की ते उघडे पडते.

चित्रण पुरावा असेल तर फॉरमॅट हा कायद्याचा विषय होतो. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत शेजारच्या जालना मतदारसंघात उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारले गेल्याचा वाद निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणावर येऊन ठेपला. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर तेव्हाच्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चे प्रमाणपत्र लागते. मूळ साधनच त्याच्या मालकाने साक्षीत हजर केले तर लागत नाही. त्याआधी, २०१९ मध्ये, पी. गोपालकृष्णन प्रकरणात याच न्यायालयाने मेमरी कार्डातील मजकूर ‘दस्तऐवज’ ठरवला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ही तरतूद कलम ६३ मध्ये आली असून प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश मूल्याचीही नोंद मागितली आहे. त्यामुळे निवडणुकीचे, पंचनाम्याचे किंवा अपघाताचे चित्रीकरण करणाऱ्याने काम संपल्यावर कार्ड सवयीने फॉरमॅट करू नये. ते सीलबंद करून संबंधित अधिकाऱ्याकडे द्यावे आणि पोच घ्यावी.