घरातल्या वडीलधाऱ्यांच्या घाबरेपणावर कोणती गोळी सुरक्षित?

छातीत धडधड, रात्रभर झोप नाही, सारखी कसली तरी काळजी. साठी-सत्तरीतल्या अम्मी-अब्बांची अशी तक्रार असली की बऱ्याच घरांत अल्प्राझोलम, लोराझेपाम किंवा क्लोनाझेपामची गोळी येते. तासाभरात जीव शांत होतो, म्हणून ती आवडतेही. पण वयस्कांसाठी सगळ्यात जपून वापरायची औषधं हीच. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीच्या २०२३ च्या 'बीअर्स' यादीतही ६५ वर्षांवरच्यांना ती शक्यतो देऊ नयेत, असं सांगितलं आहे.

वय वाढलं की औषध शरीराबाहेर पडायला वेळ लागतो. डायझेपामचा अंमल तर कित्येक दिवस रेंगाळतो. मग फजरला वजूसाठी उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. विसरभोळेपणा वाढला तर घरचे म्हणतात, वयच झालं आता! शिवाय काही आठवड्यांत सवय लागू शकते. पाकिटावरची बारीक अक्षरंही वाचा. एस्सिटालोप्राम किंवा प्रोप्रानोलोलच्या जोडीला क्लोनाझेपाम घातलेल्या गोळ्या आपल्याकडे सर्रास मिळतात, आणि घरात कुणाला ते माहीतही नसतं.

लांबच्या उपचारासाठी डॉक्टर सहसा सर्ट्रालिन किंवा नुसतं एस्सिटालोप्राम निवडतात. सुरुवात कमी डोसने होते; वयस्कांना एस्सिटालोप्राम साधारणपणे दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंतच देतात. गुण यायला चार-सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थपणा होतो आणि 'ही गोळी सोसत नाही' म्हणून लोक नेमकी तेव्हाच सोडून देतात. तरी हीसुद्धा निर्धोक नाहीत. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर रक्तातलं सोडियम उतरू शकतं. एकाएकी सुस्ती आली, बोलण्यात गोंधळ झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, सोडियम तपासून घ्या. ॲस्पिरिन किंवा अंगदुखीच्या गोळ्या सोबत असल्या तर पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो.

पॅरोक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन आणि खाजेसाठीही देतात ती हायड्रॉक्सिझिन या वयात टाळलेली बरी. लघवी अडकते, भ्रम होतो. दमा असलेल्यांना प्रोप्रानोलोल चालत नाही.

हे वाचून वर्षानुवर्षांची झोपेची गोळी आजच बंद करू नका! एकदम थांबवली तर फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती हळूहळू, कधी कधी काही महिने लावून कमी करतात. रोजांमध्येही स्वतःच्या मनाने गोळी चुकवू नये. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी बहुधा इफ्तारनंतर किंवा सहेरीला बसते, फक्त रमजानच्या आधी विचारून घ्या.

आणि मुळात धडधड थायरॉइडची, रक्त कमी असल्याची, साखर उतरल्याची किंवा दम्याच्या पंपाचीही असू शकते. म्हणून दवाखान्यात जाताना घरातली सगळी औषधं, हकीमसाहेबांचं चूर्णसुद्धा, एका पिशवीत घालून न्या. मानसिक त्रासाबद्दल फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे.