केल्टिक स्त्रीनामे : व्युत्पत्ती आणि कल्पित अर्थ

व्यक्तिनाम हा भाषेतील अत्यंत चिवट शब्द होय. मूळ शब्द प्रचारातून गेला तरी नामरूपाने तो टिकतो. परंतु त्याचा अर्थ लोप पावतो आणि त्या जागी नवा अर्थ कल्पिला जातो. आयर्लंड व वेल्स येथील केल्टिक स्त्रीनामांचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे.

‘ब्रिगिड’ हे नाम प्रथम पाहू. इ. स. ९०० च्या सुमारास रचलेल्या, कॉर्मकच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आयरिश शब्दकोशात ही कवींची पूज्य देवता असल्याचे सांगून तिच्या नामाचा अर्थ ‘अग्निबाण’ असा दिला आहे. ध्वनिसाम्यावरून शब्दाची फोड करण्याची ही रीत यास्काच्या निरुक्ताच्या अभ्यासकांस अपरिचित नाही. ध्वनिनियमांचा कौल मात्र निराळा आहे. या नामाचे पूर्वरूप ‘ब्रिगन्ती’ होते. मूळ स्वररूप ‘ऋ’ चा केल्टिकमध्ये ‘रि’ झाला. संस्कृतात तो ‘ऋ’ च राहिला. मूळ तालव्य महाप्राणाचा केल्टिकमध्ये ‘ग’ झाला, तर संस्कृतात ‘ह’. अशा रीतीने ‘ब्रिगन्ती’ आणि संस्कृत ‘बृहती’ ही एकाच शब्दाची दोन रूपे ठरतात, व अर्थ ‘उन्नत, थोर स्त्री’ असा निष्पन्न होतो. उत्तर ब्रिटनमधील ब्रिगान्तेस जमातीच्या नावातही हाच शब्द आहे.

अशीच आप्तता अन्यत्रही आढळते. आयरिश कथांतील राणी ‘मेव्ह’ हिच्या नामाचा संबंध ‘मधु’ या शब्दाशी असून ‘मद आणणारी’ असा त्याचा अर्थ होतो. वेल्श ‘रिअॅनन’ हे ‘महाराज्ञी’ या अर्थाच्या ‘रीगन्तोना’ पासून आले. त्यातील ‘रीग’ आणि संस्कृत ‘राज्’ सजातीय होत. इ. स. ६० किंवा ६१ मध्ये रोमनांविरुद्ध उठलेल्या ‘बूदिका’ राणीच्या नामात ‘विजय’वाचक शब्द आहे. ‘बोअडिसिया’ हे पुढे रूढ झालेले रूप केवळ हस्तलिखितांतील अपपाठातून निर्माण झाले.

इंग्रजी सत्तेच्या काळात या नामांवर दुसरे संकट आले. कागदोपत्री आयरिश नामांच्या जागी जवळचा ध्वनी असलेली परकी नामे लिहिली जाऊ लागली. १५९३ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीस भेटलेली ‘ग्रान्या’ इंग्रजीत ‘ग्रेस’ झाली. ‘प्रकाशमान’ या अर्थाची ‘सोरखा’ ‘सारा’ झाली. सारा हे हिब्रू नाम असून त्याचा अर्थ ‘राजकन्या’ असा आहे. येथे अर्थाचे भाषांतर झाले नाही. अर्थ बाजूस पडून ध्वनी तेवढा उरला. १८९३ मध्ये गेलिक लीग स्थापन झाल्यावर मूळ रूपांकडे पुन्हा लक्ष वळले.

प्राचीन भासणारी सर्वच नामे प्राचीन नाहीत. ‘मॅल्विना’ हे अठराव्या शतकातील जेम्स मॅक्फर्सनच्या ओसियन-काव्यांतून प्रसृत झाले. ‘फिओना’ चा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम शार्पने घेतलेल्या ‘फिओना मॅक्लाउड’ या टोपणनावामुळे झाला.

सारांश, नामाचा ‘अर्थ’ सांगताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवणे अवश्य आहे : ध्वनिनियमांनी सिद्ध होणारे मूळ, परंपरेने मानलेला अर्थ आणि व्यवहारातील रूपांतर. ‘अग्निबाण’ ही व्युत्पत्ती म्हणून त्याज्य आहे. परंतु दहाव्या शतकाच्या उंबरठ्यावरील आयरिश विद्वान त्या देवतेकडे कोणत्या दृष्टीने पाहत होते, याचा पुरावा म्हणून तिचे मोल कायम राहते.